सिमेंटच्या पायऱ्या दरवर्षी जास्तच का बुळबुळतात?

प्रश्न : आमचं घर रत्नागिरी जिल्ह्यात, डोंगराच्या उतारावर आहे. रस्त्यापासून अंगणापर्यंत सिमेंटच्या पायऱ्या आहेत. बांधल्यावर पहिली दोन-तीन वर्षं त्या छान राहिल्या. मग पावसाळ्यात हिरव्या आणि उन्हाळ्यात काळ्या पडायला लागल्या. दरवर्षी गणपतीच्या आधी आम्ही अ‍ॅसिड ओतून घासतो. तेवढ्यापुरत्या लख्ख होतात, पण पुढच्या पावसात शेवाळ आधीपेक्षा जास्त. शेजारी चुलतसासऱ्यांचं घर आहे. त्यांच्या पायऱ्या त्याच गवंड्यानं त्याच वर्षी केल्या, त्यांना कोणी हातसुद्धा लावत नाही, तरी त्या आमच्यापेक्षा बऱ्या आहेत! असं का? आणि आमच्या पायऱ्यांच्या कडांना पांढरी पूड फुटते, ती कसली?
— एक वाचक

उत्तर : चुलतसासऱ्यांच्या पायऱ्यांना कोणी हात लावत नाही, हेच त्या बऱ्या असण्याचं एक कारण आहे. निदान अ‍ॅसिडचा हात तरी त्यांना लागलेला नाही. पण त्याकडे येण्याआधी पहिली दोन-तीन वर्षं शेवाळ का आलं नाही ते बघू. बाकीचं बरंचसं त्यातच आहे.

सिमेंटमध्ये पाणी मिसळलं की ते नुसतं वाळत नाही, त्याची पाण्याशी रासायनिक प्रक्रिया होते. तिच्यातून काँक्रीटला बळ देणारा पदार्थ तयार होतो आणि त्याच्या जोडीला भरपूर विरलेला चुना, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. त्यामुळे नव्या काँक्रीटचा सामू 12 ते 13 असतो. इतक्या तिखट अल्कलीत शेवाळाचा टिकाव लागत नाही. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड या चुन्याला हळूहळू गाठतो आणि त्याचा कॅल्शियम कार्बोनेट करतो. पृष्ठभागाचा सामू 9 च्या आसपास किंवा त्याखाली उतरला की दार उघडलं. म्हणजे नव्या पायऱ्या स्वच्छ राहिल्या त्या तुमच्या झाडलोटीमुळे नव्हे, चुन्यामुळे. ती पुण्याई दोन-तीन वर्षांत संपली.

आता हिरवं आणि काळं. उन्हाळ्यातल्या काळ्या थराला आपण धूळ किंवा काजळी समजतो. तो बहुतेक वेळा जिवंत असतो. नील-हरित जिवाणू म्हणून जे सूक्ष्म जीव ओळखले जातात, त्यांची ती वस्ती. (ते खऱ्या अर्थानं शैवाल नाहीत, जिवाणूच आहेत, पण सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतात.) हे पेशींभोवती चिकट शर्करायुक्त पदार्थांचं वेष्टण करतात. त्यांच्यातल्या काही जाती त्या वेष्टणात सायटोनेमिन नावाचं तपकिरी-काळं रंगद्रव्य साठवतात. एप्रिल-मेच्या उन्हातली अतिनील किरणं त्यात अडतात आणि आतली पेशी वाचते. पाणी संपलं की हे जीव मरत नाहीत, आक्रसून पडून राहतात. पहिली सर आली की वेष्टण पाणी पिऊन फुगतं आणि काही वेळातच पायरीवर बुळबुळीत थर तयार. मृगाच्या पहिल्या सरीला घरोघरी कुणीतरी घसरतं ते यामुळेच. हिरवी नवी वाढ दिसायला आठवडा-दोन आठवडे लागतील, पण निसरडेपणा आधीपासून तिथं वाळून बसलेला असतो. तुमचा पाय पडतो तो सिमेंटवर नसतोच, पाण्यानं फुगलेल्या त्या चिकट थरावर असतो.

याच पायरीवर कधी राखाडी किंवा फिकट हिरवे, गोल गोल, खरखरीत ठिपके दिसतात. ते शेवाळ नव्हे, दगडफूल. गोड्या मसाल्यात आपण घालतो त्याच्याच गणगोतातलं. बुरशी आणि शैवाल यांचा हा संयुक्त संसार फार सावकाश वाढतो, त्यानं कुणी घसरत नाही. माझं मत विचाराल तर त्याला खुशाल राहू द्यावं.

आता अ‍ॅसिड. बाटलीतलं अ‍ॅसिड म्हणजे पाणी घातलेलं हायड्रोक्लोरिक आम्ल. ते ओतलं की फसफस होते, आणि बघणाऱ्याला वाटतं, काय घाण निघतेय! ती घाण नसते. ते तुमचं सिमेंट असतं. आम्ल कॅल्शियम कार्बोनेटशी भिडतं, कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे उठतात, आणि खडी-वाळूला धरून ठेवणारा सिमेंटचा वरचा पापुद्रा पाण्याबरोबर वाहून जातो. शेवाळही जातं, कारण त्याच्या पायाखालची जमीनच जाते. पायरी पांढरी, लख्ख दिसते. पण बोट फिरवून बघा : वाळूचे कण हाताला लागतील. दरवर्षी असा एक पापुद्रा गेला की पृष्ठभाग खड्ड्याखड्ड्यांचा होतो, प्रत्येक खड्डा थेंबभर पाणी आणि चिमूटभर माती धरून ठेवतो. शेवाळासाठी याहून चांगला वाफा कोण तयार करून देईल? शिवाय पायऱ्यांत सळ्या असतील तर आम्लातला क्लोराइड झिरपत सळीपर्यंत पोचतो आणि गंजाला हातभार लावतो. गंजलेली सळी फुगते आणि पायरीची कड तडकते. तुम्ही जितकं घासता तितकं ते जास्त येतं हे तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे.

एक गोष्ट ठळकपणे सांगतो. अ‍ॅसिड ओतून झाल्यावर «उरलंसुरलं जायला» वर ब्लिचिंग पावडर टाकणारे लोक आहेत. असं कधीही करू नका. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. 1915 साली पहिल्या महायुद्धात ईप्रच्या रणांगणावर सैनिकांवर सोडला तोच. तो हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड असतो, म्हणून पायऱ्यांवरून खाली उतरतो, आणि खालच्या पायरीवर उकिडवं बसून घासणाऱ्याचं नाक नेमकं त्याच उंचीवर असतं. 2013 साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर अ‍ॅसिडच्या किरकोळ विक्रीवर निर्बंध आले. कारण वेगळं होतं, पण घरात ती बाटली नसणं पायऱ्यांच्याही हिताचं आहे.

चुलतसासऱ्यांच्या पायऱ्यांचं कोडं मी इथं बसून सोडवू शकत नाही, पण तुम्ही सोडवू शकता. जोराचा पाऊस पडत असताना छत्री घेऊन दोन्ही घरांच्या पायऱ्यांसमोर थोडा वेळ उभ्या राहा. पागोळ्या कुठं पडतात? छपराचं पाणी थेट तुमच्या पायऱ्यांवर पडत असेल, तर पाऊस थांबल्यावरही तासभर ते ठिबकत राहतं. आंब्या-फणसाची सावली कुणाच्या पायऱ्यांवर जास्त आहे? झाडाखाली ऊन कमी, आणि कुजलेल्या पानांचं खत फुकट. पायऱ्यांना पुढं उतार आहे का, की मधे पाणी साचतं? वरच्या अंगणातलं पाणी पायऱ्यांवरूनच वाट काढतं का? कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तो दोन्ही घरांवर सारखाच. फरक पडतो तो पाऊस गेल्यावर पायरी किती वेळ ओली राहते याचा. पाहणी संपली की पाऊस नसताना एक प्रयोग करा. दोन्ही ठिकाणी कोरड्या पायरीवर पेलाभर पाणी ओता. घट्ट काँक्रीटवर ते पसरून वाहून जाईल. पायरी ते बघता बघता पिऊन गडद झाली, तर काँक्रीट सच्छिद्र आहे : मुळात मालात पाणी जास्त झालं असेल, किंवा अ‍ॅसिडनं पापुद्रा गेला असेल. गवंडी एकच असला तरी दोन्ही घरांचा माल एकाच दिवशी, एकाच हातानं कालवलेला नसतो.

म्हणून माझा सल्ला उलट्या क्रमाचा आहे. घासण्याचा विचार नंतर, आधी पाण्याची वाट बदला. पागोळ्या पायऱ्यांवर पडत असतील तर तेवढ्या भागाला पन्हळ लावा. अंगणाच्या कडेला, सगळ्यात वरच्या पायरीच्या आधी, आडवा चर काढून पाणी बाजूला न्या. आंब्याची एखादी खालची फांदी छाटून सकाळचं ऊन आत येत असेल तर छाटा. एवढ्यानंच निम्मं काम होतं, आणि ते दरवर्षी करावं लागत नाही.

मग सफाई. तिची खरी वेळ गणपतीच्या आधीची नव्हे, मेच्या दुसऱ्या पंधरवड्यातली. कोकणात पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यात येऊ लागतो, त्याआधी वाळलेला काळा थर गेला तर पहिल्या सरीचा धोकाही टळतो. थर जाड असेल तिथं आधी कोरडाच खरवडा. जुनी थापी किंवा पत्र्याची पट्टी पुरते. नाकाला फडकं बांधा, कारण धूळ खूप उडते. खरवडलेलं गोळा करून दूर टाका, कडेला लोटू नका, नाहीतर पावसात तेच पुन्हा पायरीवर येईल. त्या संध्याकाळी पायऱ्यांवर भरपूर पाणी मारा. निपचित पडलेला जीव औषधाला सहज दाद देत नाही. ओला होऊन जागा झाला की देतो. ओलं सिमेंट औषधही कमी पिऊन टाकतं. फक्त त्या रात्री पायऱ्या उतरताना जपून, ही गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

सकाळी ऊन चढायच्या आत, प्लास्टिकच्या बादलीत 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम ताजी ब्लिचिंग पावडर कालवा. अर्धा तास ठेवून वरची निवळी घ्या, खालचा साका पायरीवर ओतू नका, त्याचे पांढरे डाग राहतात. हातमोजे घाला, आणि अंगात जुने कपडे असू द्या, कारण शिंतोडा उडाला की रंग गेलाच. प्लास्टिकच्या झारीनं निवळी वरच्या पायरीपासून खाली शिंपडत या आणि पंधरा-वीस मिनिटं पायऱ्या ओल्या राहतील असं बघा. इथं बहुतेक जण घाई करतात. औषधाला वेळ दिला तर हाताला कष्ट कमी. भर दुपारी तापलेल्या पायरीवर शिंपडलं तर ते काही मिनिटांत वाळतं, आणि उन्हानं त्यातला क्लोरीनही झपाट्यानं निकामी होतो, म्हणून सकाळची वेळ. मग काथ्याच्या किंवा नायलॉनच्या ब्रशानं, नाहीतर हिराच्या खराट्यानं घासून भरपूर पाण्यानं धुवा. लोखंडी तारेचा ब्रश नको. त्याच्या तुटलेल्या तारा फटींत अडकून गंजतात आणि लाल ठिपके मागे राहतात. पायऱ्यांच्या कडेला तुळस, जास्वंद काही असेल तर आधीच त्यांच्या मुळाशी साधं पाणी घाला आणि नंतरही घाला. धुतलेलं पाणी विहिरीकडे किंवा माशांच्या टाक्याकडे जात नाही ना, तेवढं बघा.

मोरचुदाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण तुमच्याकडे पोफळी असतील तर कुणीतरी नक्की सुचवेल. कोळेरोगासाठी बागेत फवारायला आणलेलं बोर्डो मिश्रण, म्हणजे 100 लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना, उरलं की पायऱ्यांवर ओतायचं. तांबं शेवाळाला मारतं हे खरंच आहे. या मिश्रणाची जन्मकथाही मजेची आहे. फ्रान्समधल्या बोर्डो भागात रस्त्याकडेच्या द्राक्षांवर हात मारणारे वाटसरू दूर राहावेत म्हणून बागायतदार वेलींवर चुना आणि मोरचूद शिंपडत, दिसायला ते विषारी वाटे. 1882 साली मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की नेमक्या त्याच वेली केवड्यापासून वाचल्यात. 1885 मध्ये त्यांनी ते औषध म्हणून जाहीर केलं. पण पायरीवर त्याचा निळा डाग बसतो, नुसतं मोरचूद लोखंडी कठड्याला खातं, आणि वाहून गेलेलं तांबं ओढ्यातल्या माशांना घातक असतं. बागेसाठी आणलेलं बागेतच वापरा.

भर पावसात मोठी सफाई करू नका. उघडीप मिळाली की कोरड्या खराट्यानं आडवं-उभं झाडा, पानं पायरीवर कुजू देऊ नका. गणपतीच्या आधी हवं तर निम्म्या ताकदीची निवळी एकदा शिंपडा. पाखाडीवर पोफळीच्या झावळ्या अंथरायची पद्धत तुमच्याकडे असेलच. पायाला पकड मिळते हे खरं, पण खाली ओल धरते, म्हणून झावळ्या मधून मधून उचलून बाजूला ठेवा. (पाखाडी जांभ्याची असेल तर वर सांगितलेल्या ब्रशाचं घासणंही हलक्या हातानं. जांभा मऊ असतो, जोर लावला की भुगा होतो.) आणि सणासाठी पायऱ्यांना लाल ऑइलपेंट मारायची हौस असेल तर रंगात बारीक चाळलेली कोरडी वाळू मिसळा. नुसता रंग ओला झाला की शेवाळापेक्षा कमी घसरडा नसतो.

अ‍ॅसिडनं पायऱ्या फारच खाल्ल्या असतील तर वरून पातळ गिलावा मारून घेऊ नका, तो दोन पावसांत सुटेल. जुन्या कोब्यावर टाचे मारून, झाडून, ओला करून मग नवा थर द्यायला सांगा. फूटभर रुंद पायरीला पुढच्या बाजूला तीन-चार मिलिमीटर उतार पुरतो. गवंड्याला घोटून गुळगुळीत करायची सवय असते, त्याला आवरा. माल थोडा आवळला की त्यावरून खराटा आडवा ओढायचा. त्या रेघा पायाला धरतात. नंतर सात ते दहा दिवस पाणी मारायला विसरायचं नाही, उन्हाळ्यात तर नाहीच.

आता पांढरी पूड. तिला लोणा म्हणतात हे तुम्हाला माहीत असेल. पायरीच्या पाठीमागच्या मातीतून ओल आत येते, सिमेंटमधला चुना आणि इतर क्षार विरघळवून पृष्ठभागाकडे आणते. पाणी उडून जातं, क्षार राहतात. ही पूड पाण्यानं धुतली तर विरघळून परत आतच जाते आणि आठवड्यात पुन्हा बाहेर येते. म्हणून कोरड्या ब्रशानं झाडून गोळा करायची. घट्ट पापुद्रा असेल तर त्यावर लिंबाचा थेंब टाकून बघा. फसफसलं तर तो कॅल्शियम कार्बोनेट झालेला आहे, तो ओल्या पॉलिश दगडानं हळूहळू घासून निघतो. पण मागच्या मातीतली ओल थांबेपर्यंत लोणा फुटतच राहणार, म्हणजे पुन्हा तो चर काढण्याचंच काम.

प्रश्न : मोबाइलवर एक व्हिडिओ फिरतोय. व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र करून पायऱ्यांवर टाका, डाग जातात म्हणे. खरं आहे का?

उत्तर : फेस छान येतो. व्हिनेगर आम्ल, सोडा अल्कली, दोघं एकमेकांना संपवतात आणि मागे उरतं ते जवळजवळ खारट पाणी. त्या माणसाचे डाग गेले असतील तर ते नंतरच्या घासण्यानं. नुसतं व्हिनेगर वापरलं तर ते सिमेंटला सौम्य अ‍ॅसिडसारखंच खातं.

प्रश्न : पुण्यात आमच्या बंगल्याच्या पायऱ्यांसाठी प्रेशर वॉशर घ्यावा का?

उत्तर : घट्ट, चांगल्या काँक्रीटला चालतो, खिळखिळ्या झालेल्याला नाही. एका बिंदूवर धार मारणारं तोंड लावू नका, पंख्यासारखी पसरणारी धार वापरा, आणि पायरीपासून फूटभर तरी लांब धरा. मिस्त्री लोक जवळ धरून जोरात मारतात आणि सिमेंटवर रेघोट्या उठवतात, त्या कायमच्या राहतात. शिवाय यंत्र वरचं शेवाळ उडवतं, फटीतलं मारत नाही. औषध आधी, यंत्र नंतर. एकदाच वापरायचं असेल तर विकत घेण्यापेक्षा भाड्यानं आणलेलं बरं.

प्रश्न : दिवाळीत पायऱ्यांवर पणत्या लावतो. तेलाचे काळे डाग वर्षभर जात नाहीत.

उत्तर : तेल सांडल्याबरोबर पुसायला फडकं घेतलं की ते आणखी पसरतं आणि आत जातं. त्यावर लाकडाचा भुसा, राख किंवा कोरडं सिमेंट टाकून रात्रभर ठेवा, ते तेल शोषून घेईल. सकाळी झाडून टाका. जुन्या डागाला धुण्याचा सोडा गरम पाण्यात घट्ट कालवून लेप द्या, वर प्लास्टिक झाका म्हणजे वाळणार नाही, दुसऱ्या दिवशी घासा. एकदा पुरणार नाही, दोन-तीनदा करावं लागेल. पुढच्या दिवाळीला प्रत्येक पणतीखाली मातीची छोटी बशी ठेवा.

प्रश्न : लोखंडी कुंडी-स्टँडखाली पायरीवर गंजाचे लाल डाग पडलेत. लिंबू चालेल?

उत्तर : ताज्या, फिकट डागाला चालेल : रस लावून दहा मिनिटं ठेवा, घासा, लगेच धुवा. जास्त वेळ ठेवलं तर लिंबूही सिमेंट खातं आणि लाल डागाच्या जागी पांढुरका डाग येतो. जुन्या डागाला ऑक्झॅलिक आम्ल लागतं. ते विषारी आहे, लहान मुलं आणि मांजरं-कुत्री दूर ठेवून, हातमोजे घालून, कमी प्रमाणात वापरा. आणि स्टँडच्या पायांना रबरी टोप्या घाला. हार्डवेअरच्या दुकानात खुर्चीच्या पायांसाठी मिळतात त्याच बसतात.